बाहेरून काही करू नकोस

२ एप्रिल २०२५, बुधवार, खामगाव

आजपासून लिहून राह्यलो. कॅमेऱ्यासमोर उभं राह्यलं की माझी जीभ टाळूले चिकटते. मंजुश्री म्हणते, घरात दिवसभर बडबड करणाऱ्या माणसाले मोबाईलसमोर काय होते कोण जाणे. म्हटलं आधी वहीत बोलून पाहू. वही काही हसत नाही.

ज्या क्लासमध्ये मी पंधरा वर्षं पोरायले कॉम्प्युटर शिकवला तो मार्च संपता संपता बंद झाला. मालक म्हणे, पोरं आता मोबाईलवरच शिकतात. खरं आहे, त्याच्याशी काय भांडू. जाता जाता म्हणाला, गोडाऊनमधली जुनी मशीनं न्यायची असतील तर ने. मी हाव म्हटलं. आता समोरच्या खोलीत पाय ठेवायले जागा नाही. जुनं मशीन उघडायचं, साफ करायचं, चालू करायचं, हा नाद माझा लग्नाच्या आधीचा. मंजुश्रीले वाटलं होतं लग्नानंतर सुटेल.

तर आता या नादाचेच व्हिडिओ काढायचे, असं मी जाहीर केलं. मंजुश्री झेडपीच्या शाळेवर आहे, रोज नांदुऱ्याच्या बसनं जाणं-येणं करते. घर सध्या तिच्यावर चालून राह्यलं. हे लिहायले बरं वाटत नाही, पण आहे ते आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "दसऱ्यापर्यंत पाहा. नाही जमलं तर शेखरकडं बसा." शेखर तिचा भाऊ, त्याचं सेतू केंद्र आहे. दिवसभर उत्पन्नाचे दाखले टाईप करायचे. शेखर माणूस लाख चांगला, पण एकदा तिथं बसलो की मी परत कधी स्क्रू खोलायचा पेचकस हातात धरणार नाही, हे मले पक्कं माहीत आहे.

९ एप्रिल, बुधवार

पहिला व्हिडिओ टाकला. कीबोर्ड कसा धुवायचा यावर. मराठी शुद्ध पाहिजे म्हणून अगोदर लिहून काढलं अन् पाठ केलं. "नमस्कार, मी धम्मदीप, आज आपल्यासमोर घेऊन येत आहे." मंजुश्रीनं पाह्यला अन् पदर तोंडाले लावला. म्हणे, "हा कोण माणूस आहे? लग्नपत्रिका वाचून राह्यला काय?"

मंग आपल्या बोलीत बोलू का? पुण्याचे लोक हसतील. हिंदीत बोलू? हिंदीत मी फक्त रेल्वेत भांडलो आहे. एक कमेंट आली, तिच्यात लिहिलं आहे, "भाऊ आवाज येत नाही." म्हणजे जे बोललो ते कोणी ऐकलंच नाही, तर शुद्ध की अशुद्ध याचा घोर मी काऊन करून राह्यलो ते मले समजत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

परवा जयंतीच्या मिरवणुकीत वामनराव सर भेटले. दरवर्षी चौकात सरबताच्या टेबलामागं उभे असतात, यावर्षीही होते. वाळले आहेत. माझ्या हातात पेला देऊन म्हणाले, "दीप, तुझा तो कीबोर्डचा व्हिडिओ पाहिला. आमचंही एक मशीन आहे बघ, तुला आठवत असेल."

आठवत असेल म्हणजे काय. खामगावात कोणाच्या घरी कॉम्प्युटर नव्हता तेव्हा सरायच्या घरी होता. ३८६ नावाचं मॉडेल. सर गणिताचे, पण हौसेनं घेतला, अन् आम्हा चार-पाच पोरायले संध्याकाळी फुकट शिकवायचे. मी बस स्टँडमागच्या वस्तीतला, बाप हमाल. त्या घरात मले कोणी कधी दारात थांबवलं नाही. प्रतिमाकाकू फक्त एक बोलायच्या, "हात धुऊन बसा रे." सगळ्यायले बोलायच्या. मंग शंकरपाळे द्यायच्या अन् परत हात धुवायले लावायच्या.

काकू गेल्या दिवाळीत गेल्या. मी अमडापूरले आईकडं होतो, मले चार दिवसांनी समजलं.

आज मशीन आणायले गेलो. मागच्या खोलीत झाकून ठेवलं होतं. उघडलं तं मी बघतच राह्यलो. प्लास्टिक पार पिवळं पडलेलं, चहासारखं. अन् डाव्या बाजूले, पंख्याच्या जाळीवर, वर, सगळीकडं हळदीकुंकू. काकू दर दसऱ्याले मशीनची पूजा करायच्या. मशीन बंद पडून किती वर्षं झाली, तरी करायच्या. बोटांचे पट्टे एकावर एक बसून दगडासारखे घट्ट झाले आहेत.

सर म्हणाले, "बाहेरून काही करू नकोस, दीप. आतून चालू होतं का, तेवढंच बघ."

रिक्षात ठेवेपर्यंत सर दारात उभे होते. पुन्हा म्हणाले, "वरचं तसंच राहू दे." मोठी माणसं अशीच. आपल्याले त्रास नको म्हणून अर्धंच काम सांगतात.

२२ एप्रिल, मंगळवार

उघडलं. उघडायच्या आधी नेहमीप्रमाणं चारी बाजूनं व्हिडिओ घेतला, उजेड चांगला होता. बाजूचे कुंकवाचे पट्टे जवळून घेतले अन् बोललो, "पाहा, किती घाण करून ठेवतात लोक मशीनवर." यावेळी आपल्या बोलीत बोललो. जीभ चिकटली नाही.

क्लासमध्ये पंधरा वर्षं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझं हेच काम होतं. मालक प्रत्येक मशीनले नारळाचं पाणी शिंपडायचा. मंग कीबोर्डची बटनं चिकटायची, अन् दीप सर बसले ब्रश घेऊन. आमच्या घरी मशीनची पूजा करायची रीत नाही. मले कुंकू दिसलं की आधी गंज दिसतो.

आतली बॅटरी गळली आहे. बोर्डावर हिरवं पसरलं आहे, पण वाचेल वाटते. फ्लॉपी ड्राईव्हची मात्र गंमत. ती जुनी मोठी फ्लॉपी जायची ना, तिच्या फटीत चिमटा घातला तं सुकलेलं पान निघालं. आपट्याचं. त्याच्यामागं दुसरं. अन् तळाशी लाल अक्षता, झेंडूची पाकळी. म्हणजे काकूंनी दसऱ्याचं सोनं मशीनच्या तोंडात भरवलं होतं. मी एकटाच हसलो. सगळं डबीत घालून वर चिठ्ठी चिकटवली. आमच्या धंद्याचा नियमच आहे, मशीनमधून निघालेलं काहीही गिऱ्हाईक मशीन नेईपर्यंत फेकायचं नाही. मंग तो तुटका स्क्रू असो की झुरळ.

मंजुश्री शाळेतून आली, बाजूच्या पट्ट्यांवर स्वतःची बोटं धरून पाह्यली. म्हणे, "लहान बोटं होती हो बाईची." मी म्हटलं, हाव, काकू ठेंगण्याच होत्या.

५ मे, सोमवार

बोर्ड व्हिनेगरनं धुतला, तुटलेल्या रेषा तारेनं जोडल्या, अन् आज मशीन चालू झालं. काळ्या पडद्यावर आकडे धावले, टिक टिक आवाज आला. मी खुर्चीवर बसून राह्यलो. चौदा वर्षांचा असताना हाच आवाज ऐकला होता अन् घरी जाऊन बापाले तोंडानं काढून दाखवला होता. बाप म्हणाला होता, घड्याळ घेतलं काय सरायनं.

आता प्रश्न असा आहे की व्हिडिओ पाहणाऱ्याले आतलं काय दिसते? आत हिरवा बोर्ड होता, आताही हिरवाच आहे. लोकायले आधी अन् नंतर पाह्यजे. काळं होतं, गोरं झालं. मोठ्या मोठ्या चॅनेलवाल्यायचं तेच. केस सोनेरी करायचं क्रीम प्लास्टिकले लावायचं, वरून पन्नी गुंडाळायची अन् उन्हात ठेवायचं. पिवळेपण जाते. परदेशातले लोक त्याच्यासाठी घरात दिवे लावून बसतात. मे महिन्यात खामगावचं ऊन, कायले दिवा पाह्यजे.

मंजुश्री म्हणाली, "सर नको म्हणाले होते ना?"

मी म्हटलं, "तू आमच्या सरायले ओळखत नाही. ते जेवायले बसले की दुसरी पोळी कधी मागत नाहीत. काकू विचारायच्या, ते नको म्हणायचे, अन् काकू वाढायच्या. मंग ते जेवायचे. आपल्या इकडं नको म्हणजे वाढ."

"पोळीचं वेगळं असते," मंजुश्री म्हणाली. मंग पेपर तपासायले बसली. पोळीचं काऊन वेगळं असते ते तिनं सांगितलं नाही.

गल्लीतल्या काजलच्या पार्लरमधून क्रीम आणलं. काजलनं विचारलं, "मंजूताईसाठी?" मी म्हटलं, कॉम्प्युटरसाठी. तिनं वरपासून खालपर्यंत पाह्यलं.

९ मे, शुक्रवार

झालं. कुंकू साबणानं गेलं, थोडं घासावं लागलं. हळदीचा डाग काही केल्या जाईना, पण उन्हात ठेवल्यावर आपोआप उडाला. हळद उन्हात उडते हे कोण्याही बाईले विचारा. मशीन असं पांढरं निघालं की आजच खोक्यातून काढलं. मी चारी बाजूनं फिरून पाह्यलं. एवढं सुंदर काम माझ्या हातून आजवर झालं नाही, हे कोणी म्हणायच्या आधी मीच म्हणून घेतो.

सरायले काही सांगितलं नाही. एकदम दाखवायचं. त्यायचा चेहरा व्हिडिओत घ्यायचा.

१३ मे, मंगळवार

काल बुद्ध पौर्णिमा झाली, सर घरी येतील म्हणून खीर राखून ठेवली होती. सर आले. मी मोबाईल स्टँडवर लावला अन् कपडा ओढला.

सर जवळ गेले. डाव्या बाजूवरून हात फिरवला, वरून खाली, मंग पुन्हा वरून खाली, काही शोधत असल्यासारखं. मले वाटलं प्लास्टिक किती गुळगुळीत झालं ते पाहून राह्यले.

मी बटन दाबलं, आकडे धावले. मी म्हटलं, "सर, फ्लॉपीसुद्धा चालते आता." सर म्हणाले, "छान झालं रे." खीर नको म्हणाले. मी तरी वाढली. त्यायनं एक चमचा खाल्ली, वाटी खाली ठेवली अन् मशीन न्यायले रिक्षा बोलवायले सांगितलं. डबी द्यायची राहूनच गेली.

व्हिडिओत चेहरा आला आहे, पण त्याचा उपयोग नाही. आनंदी दिसत नाही, रागावलेलाही नाही. कोणत्या नावाखाली टाकू ते समजत नाही. कापून टाकला. काही चुकलं काय माझं? मशीन चालू झालं, गोरं झालं, फुकट करून दिलं. सरायची तब्येत बरी नसेल.

२ जून, सोमवार

सरायच्या मशीनचा व्हिडिओ टाकून दोन हप्ते झाले. दोनशे लोकायनं पाह्यला, त्यातले निम्मे मंजुश्रीच्या शाळेच्या ग्रुपमधले. कमेंट एकच, "क्रीम कोणतं?" अन् तिच्याखाली काजलनं तिच्या पार्लरचा पत्ता टाकला.

१८ जून, बुधवार

गोंधळ आहे. यूट्यूब आपल्याले आलेख दाखवते, की लोकायनं व्हिडिओ कुठपर्यंत पाह्यला. बाकी व्हिडिओ मेले, त्यायचा आकडा हलत नाही. पण सरायच्या मशीनचा आकडा रोज सकाळी थोडा थोडा वाढते. पाऊस असो, रविवार असो, सकाळी वाढते. अन् जो कोणी पाहते तो फक्त पहिलं मिनिट पाहते. जिथं मी मशीन उघडायले सुरुवात करतो तिथं सोडून देते. कधी कधी तं तेच मिनिट परत लावते.

पहिल्या मिनिटात आहे काय? घाण मशीन अन् माझी बडबड. खरं काम तं पुढं आहे. शेवटी मशीन पांढरं होते तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. मंजुश्रीले आलेख दाखवला. ती म्हणे, "मले यातलं काय समजते, पण कोणाले तरी ते मिनिट आवडून राह्यलं." मी म्हटलं, आवडलं असतं तं पुढं पाह्यलं नसतं काय.

२ जुलै, बुधवार

भाजी बाजारात सर भेटले. पिशवीत दोन वांगी अन् कोथिंबिरीची काडी, एकट्या माणसाचा बाजार. मी पाया पडलो. इकडचं तिकडचं झालं. मंग सर म्हणाले, "दीप, एक विचारू? ते व्हिडिओ तिथे किती दिवस राहतात रे?"

मी म्हटलं, "सर, कायमचे राहतात. मी काढला नाही तं मी मेल्यावरही राहील."

"असं का," सर म्हणाले. "बरं झालं."

मले लय बरं वाटलं. म्हणजे सरायले राग नाही. चॅनेलमध्ये लक्ष घालून राह्यले म्हणजे सगळं ठीक आहे.

२१ जुलै, सोमवार

कोणी अर्धं पाहून सोडून देत असेल तं काय करावं, यावर एका हुशार माणसाचा लांबलचक व्हिडिओ पाह्यला. तो म्हणते, सुरुवातीलेच माल दाखवा. घाण पाहून गिऱ्हाईक पळते. जिथं लोक सोडून जातात त्याच्या आधीचं सगळं कापा.

पटलं. टाकलेल्या व्हिडिओलेही कात्री लावता येते. सरायच्या मशीनचं पहिलं मिनिट कापलं. आता व्हिडिओ उघडला की एकदम माझे हात अन् पेचकस. दसरा जवळ येऊन राह्यला. परवा शेखर आला होता. बसला, चहा घेतला, अन् जाता जाता म्हणाला की खिडकीजवळची खुर्ची तुमच्यासाठी ठेवली आहे, भावजी. इतक्या प्रेमानं म्हणाला की मले रागसुद्धा करता आला नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आकडा थांबला. सकाळी पाहतो, काल होता तिथंच. हे आठवडाभरापासून चालू आहे. एक माणूस वाढत नाही. कापल्यावर वाढायले पाह्यजे होता. मोबाईल बंद करून चालू केला. माझं डोकं चालत नाही. जे मिनिट सोडून लोक पळत होते ते मी काढलं, तं लोक यायचेच बंद झाले. हे कोणतं गणित आहे? सरायलेच विचारावं म्हणतो, ते गणिताचे आहेत.

१० ऑगस्ट, रविवार

हे लिहायले हात होत नाही, पण लिहितो.

सकाळी सरायच्या पोरीचा, रेवतीचा, पुण्याहून फोन. म्हणे, "दीपदादा, बाबांचा मोबाईल बिघडलाय वाटतं. तुमचा व्हिडिओ नीट दिसत नाही म्हणतात, सुरुवातीचा भाग येतच नाही. जरा जाऊन बघाल का?"

मी गेलो. पेचकसाचा डबा घेऊन गेलो, मोबाईल दुरुस्त करायले. सर पलंगावर बसले होते, मोबाईल दोन्ही हातात धरून. मी घेतला, पुसला, बंद-चालू केला. सर म्हणाले, "नाही रे, ते सुरुवातीचं. जुनं मशीन दिसायचं. ते येत नाही आता."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, "सर, मोबाईल चांगला आहे. तो भाग मीच कापला. सगळी घाणच होती त्याच्यात, लोक कंटाळत होते."

सरायनं मोबाईल परत घेतला, उशीजवळ ठेवला. म्हणाले, "हो का. बरं केलंस." मंग चहा टाकायले उठले अन् साखरेचा डबा हातात घेऊन तसेच उभे राह्यले. मशीन कोपऱ्यात होतं, काकूंच्या जुन्या साडीनं झाकलेलं. वायर लावलेलीसुद्धा नव्हती.

घरी येऊन मंजुश्रीले सगळं सांगितलं, की सरायचं वय झालं, असं काहीतरी करतात. ती कणीक मळून राह्यली होती, थांबली. म्हणाली, "तुम्हाले खरंच समजलं नाही?"

"काय?"

"ती बोटं काकूंची होती. तुम्ही धुतली. मंग त्या मिनिटात दिसत होती तेवढी राह्यली होती त्यायच्याजवळ. रोज सकाळी पाहात असतील. तेही तुम्ही कापलं."

ती म्हणाली, "मीही जोरानं सांगायले पाह्यजे होतं," अन् परत कणीक मळायले लागली.

मले त्या मिनिटातला माझा आवाज आठवला. पाहा, किती घाण करून ठेवतात लोक. सर रोज सकाळी हे ऐकत होते. बायकोची बोटं पाह्यची तं माझी ही बडबड ऐकावी लागत होती, अन् तरी पाहात होते. मले इतकी लाज आजवर कशाची वाटली नाही.

मूळ चित्रण शोधलं. मोबाईलचं कार्ड मी दर महिन्याले पुसतो, तेही पुसलेलं. पुसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मंग यूट्यूबमध्येच सापडलं, कापलेलं परत मूळ करता येते. बटन दाबलं. चक्र फिरत राह्यलं, वेळ लागेल म्हणे. मी पाणीही न पिता समोर बसून होतो. दुपारनंतर मिनिट परत आलं. सरायले फोन करायची हिंमत झाली नाही, रेवतीले सांगितलं. ती म्हणाली, "थँक्यू, दादा." कशाचं थँक्यू.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी आकडा एकानं वाढला.

९ सप्टेंबर, मंगळवार

सरायकडं गेलो नाही. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. काय बोलू? चुकलं म्हणू? चुकलं म्हटल्यावर सर म्हणतील, "नाही रे, बरं केलंस." ते ऐकायची माझी तयारी नाही.

त्या मिनिटातला माझा आवाज तेवढा बंद केला. आता ते मिनिट मुकं चालते. त्यानं सरायले बरं वाटते की वाईट, तेही मले माहीत नाही. आजकाल काही करायच्या आधी मंजुश्रीले विचारतो. ती म्हणते, इतकंही विचारू नका.

नांदुऱ्याहून एक जण टाईपरायटरएवढा जुना संगणक घेऊन आला. त्याच्या झाकणावर कोणीतरी पेनानं नाव कोरलं आहे. मी पहिलं विचारलं, "हे कोणाचं नाव? ठेवायचं की काढायचं?" तो माणूस त्याच्यावरच अर्धा घंटा बोलला, कॅमेरा चालूच होता. तो व्हिडिओ बऱ्यापैकी लोकायनं पाह्यला, शेवटपर्यंत पाह्यला. काऊन ते मले विचारू नका. त्याच्यात मी मशीन उघडलंसुद्धा नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज अशोक विजयादशमी. सकाळी पांढरे कपडे घालून आम्ही दोघं विहारात गेलो, वंदना झाली. अन् आजच दसरा, म्हणजे माझी मुदत संपली. मी दिवसभर वाट पाह्यली की मंजुश्री आता शेखरचं नाव काढेल. ती दुपारी म्हणाली, "समोरच्या खोलीतली धूळ झाडून घ्या उद्या." एवढंच. याचा अर्थ राहू दे असा आहे की आवर असा, मी विचारलं नाही.

धूळ म्हटल्यावर उठून मांडणी पाह्यली. मागं डबी सापडली. वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी, "वामनराव सर, फ्लॉपीतून". मशीन गेलं मे महिन्यात अन् डबी इथंच. धंद्याचा नियम मीच मोडला. मी चप्पल घातली अन् निघालो. विचार केला असता तं गल्लीच्या तोंडातून परत आलो असतो.

सर एकटेच होते. दारावर तोरण होतं, पण मशीनवर तीच साडी. मी म्हटलं, "सर, मशीनमधून निघालेलं होतं. द्यायचं राह्यलं." पुढं चुकलं म्हणायचं होतं, ते न म्हणता डबी पुढं केली.

सरायनं डबी उघडली. चश्मा वर केला. अक्षता बोटानं हलवल्या, मंग ती दोन पानं तळहातावर घेतली. "आपटा?"

"फ्लॉपीच्या फटीत होता, सर. आतपर्यंत गेला होता. म्हणून चालत नव्हती."

सर पानांकडं पाहातच राह्यले. मंग त्यायचे खांदे हलायले लागले. मले वाटलं रडून राह्यले, पण ते हसत होते. "अरे, अकोल्याहून माणूस बोलावला होता मी. तो म्हणाला, फ्लॉपी वाचायचं हेड गेलं. नवीन मिळणार नाही म्हणाला. आणि ही रोज विचारायची, झाली का हो दुरुस्त?" हसता हसता त्यायच्या डोळ्यातून पाणी आलं, ते त्यायनं पुसलं नाही. मीही हसलो, अन् माझंही तेच झालं.

सर उठले. मशीनवरची साडी काढून घडी घातली. मी म्हटलं, "सर, कुंकू..." ते म्हणाले, "रेवती आली होती परवा, लावते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. तुझ्या काकूशिवाय कोणी लावलं नाही कधी."

मंग दोन्ही पानं एकावर एक ठेवली, फ्लॉपीच्या फटीत हळूच सरकवली, बोटानं आत लोटली अन् वरची कडी फिरवून बंद केली.

"आता काढू नकोस," सर म्हणाले.

ती ड्राईव्ह चालू करायले मले आठवडा लागला होता. आता ती चालणार नाही. मी म्हटलं, "नाही काढत, सर." ते चिवडा आणायले आत गेले. मी मोरीवर जाऊन हात धुतले अन् येऊन बसलो.